लावण्याच्या सोवळ्याबद्दल कृष्णवेणीस खुलासा

मैलापूर, चेन्नई
पौष वद्य नवमी

चि. कृष्णवेणी हिस अक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे जेवूनखाऊन आहेत. तुझा गुडघा कसा आहे, पाणी तापवायचा बंब दुरुस्त झाला का, आणि कानातलं यंत्र कानात आहे की अजून डबीत, तेवढं कळव. डबीतच असणार. म्हणून तर पत्र लिहायला बसले. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की खालच्या दोन मजल्यांना आमच्या घरातलं सगळं कळतं. पत्राचं बरं असतं. या घरात मराठी सगळे बोलतात (तंजावरची मराठी, अठ्ठावन्न वर्षं ऐकतेय, भांडणाच्या वेळी अजून निम्मी निसटते), पण वाचता एकालाही येत नाही. वाचायला यांना तमिळ आणि इंग्रजी. त्यामुळे हे पत्र जेवणाच्या टेबलावर उघडं टाकून मी झोपले तरी कुलपात ठेवल्यासारखंच आहे. बापाने तिसरीपर्यंत शाळेत घातलं त्याचा उपयोग शहात्तराव्या वर्षी होतोय.

तर मुद्दा. यांची तिथी माघ वद्य षष्ठीला. दर वर्षी तू दोन दिवस आधी येतेस, सोबत तुझी भांडी, तुझा स्टोव्ह, तुझी कळशी, आणि आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतेस. यंदाही ये. पण येण्याआधी हे शेवटपर्यंत वाच, कारण गेल्या वर्षी तू आणि मी मिळून एक गाढवपणा केला. जास्त मी केला. तुझा वाटा आहेच, पण मी थोरली, म्हणून मोठा वाटा मी घेते.

तुला आठवतं, गेल्या तिथीला श्रीवत्साच्या बायकोला आपण दोघींनी काय डोक्यावर घेतलं होतं? माझा नातू इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग मोजतो, त्याला ही लावण्या कुठून मिळाली असं तू विचारत होतीस. शोळिंगनल्लूरला कंप्युटरवर बसणारी मुलगी, जीन्स घालणारी, आणि दुधाची पिशवी घरात आली की धुतल्याशिवाय हात लावू देत नाही! दाराची कडी धुते, नळ धुते, नळ धुतल्यावर हात धुते, आणि हात धुताना नळाला लागले म्हणून परत नळ धुते. भाजी आली की ती पाण्यात, पिशवी पाण्यात, सुट्टे पैसे पाण्यात. मला नमस्कार करायचा तर चार हात लांबून, वाकून, पायाला बोट न लावता. मी सगळ्या मैलापुरात सांगत सुटले होते की आमच्या सूनबाईला (म्हणजे नातसुनेला, पण सूनबाई म्हटलं की माझ्या खऱ्या सुनेला, विजयलक्ष्मीला, झोंबतं म्हणून मुद्दाम) सोवळं कुणी शिकवलं नाही, ती घेऊनच आली. देवळात कोपऱ्यात बसणाऱ्या बायका आहेत ना, त्यांतल्या तिघी तिला बघायला घरी आल्या. लावण्याने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि त्या गेल्यावर तिन्ही खुर्च्या गच्चीवर नेऊन घासल्या. मी गॅलरीतून बघत होते आणि माझी छाती अशी फुगली होती की ब्लाऊजचा हुक तुटला.

सोसायटीचे सेक्रेटरी रामस्वामी पाण्याचा हिशेब घेऊन आले. तिसऱ्या मजल्यावर एवढं पाणी लग्नाच्या हॉललाही लागत नाही म्हणाले. मी त्यांना दारातच उभं केलं आणि सांगितलं, आमच्या घरात मडी पाळणारी मुलगी आहे (सोवळ्याला इकडे मडी म्हणतात), तुमच्या घरात बाटलीतल्या पाण्याने तांदूळ धुतात, दोघांचा मीटर सारखा कसा येईल? आल्या पावली गेले बिचारे. आणि मग तिथीच्या दिवशी मी सासूबाईंची सोवळ्याची धाबळी ट्रंकेतून काढून सगळ्यांदेखत लावण्याच्या हातात ठेवली आणि यापुढे घराचं सोवळं हिच्याकडे म्हटलं. तू तुझी तांब्याची कळशी दिलीस. विजयलक्ष्मी तीस वर्षं त्या धाबळीची वाट बघत होती, ती आत जाऊन भांडी आपटत बसली. लावण्या धाबळी हातात घेऊन नुसती उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं आणि आपल्याला ती नम्रता वाटली.

आषाढात एक दिवस श्रीवत्स कामावर गेलेला, विजयलक्ष्मी बाजारात, आणि मी दुपारी पाणी प्यायला उठले तर ही ऑफिसला जायच्या कपड्यांत, खांद्याला पिशवी, दाराच्या आत उभी. सकाळी दहाला निघते म्हणाली होती, साडेबारा वाजले होते. कडीकडे बघत होती. मी म्हटलं, काय ग, कडी मोडली? तर म्हणाली, नाही. मग उघड. तर म्हणाली, हात ऐकत नाहीत. बोटांच्या सांध्यांवर कातडी फाटून रक्त आलेलं, साबणाने पांढरी भेगाळलेली. मी तिला खाली बसवली, खोबरेल लावायला गेले तर हात मागे घेतला. मग बोलली. मी सोवळं पाळत नाही हो आज्जी, म्हणाली. मला देवाचं त्यात काहीच नाही. माझ्या हाताला काहीतरी राहील, ते तुम्हांला लागेल आणि तुम्ही मराल, असं मला सारखं वाटतं. खोटं आहे हे कळतं. कळूनही धुवावंच लागतं. आणि तुम्ही सगळ्यांसमोर कौतुक करता, मग मी सांगणार कुणाला?

माझा स्वभाव तुला माहीत आहे, मला गळ्यात पडता येत नाही. मी म्हटलं, मी शहात्तरची आहे, मी मरणारच आहे, त्याचं श्रेय तू घेऊ नकोस. ती रडता रडता हसली. पण कृष्णे, खरं सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही. दीड वर्ष मुलगी बुडत होती आणि मी काठावर उभी राहून पोहणं काय सुंदर म्हणून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी श्रीवत्साला कामाला जाऊ दिलं नाही, लावण्याला घेऊन डाक्तरणीकडे गेलो. डाक्तरीण मनाची आहे, वेड्यांची नव्हे (हा फरक मला विजयलक्ष्मीला तीनदा समजवावा लागला, तुला एकदाच लिहिते). आजाराला ओसीडी म्हणतात. डोक्यात नको तो विचार चिकटतो आणि तो काढायला माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत बसतो. केली की घटकाभर बरं वाटतं, मग दुप्पट जोरात येतो. डाक्तरणीने रक्तही काढायला सांगितलं. आणि ऐक, लावण्याच्या रक्तात व्हिटामिन डी नऊ निघालं. तीस तरी असावं म्हणतात. ते उन्हातून मिळतं. उन्हातून! मी डाक्तरणीला म्हटलं, बाई, या गावात तीनच ऋतू आहेत, गरम, जास्त गरम, आणि पाणी तुंबलं तेव्हाचा गरम, इथे ऊन कमी कसं पडेल? ती म्हणाली, पाट्टी (आजीला इकडे पाट्टी म्हणतात), हिचा दिवस सांगा. मी सांगायला लागले आणि सांगता सांगता माझं मलाच कळलं. काळ्या काचांच्या गार बसमधून जाते, गार ऑफिसात बसते, अंधार पडल्यावर घरी येते, आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरची घाण लागेल म्हणून खिडक्या लावून घरात. दोन वर्षांत त्या पोरीच्या अंगाला सूर्य लागलेला नाही. चेन्नईत राहून!

मग मी सरळ विचारलं, डी नाही म्हणून हे धुणं आलं का? डाक्तरीण चांगली आहे, खोटं बोलत नाही. म्हणाली, असेल कदाचित. या आजाराच्या काही माणसांत डी कमी सापडलंय. पण डी कमी म्हणून आजार, की आजारामुळे घरात कोंडून घेतलं म्हणून डी कमी, ते अजून कुणाला नक्की माहीत नाही. डी कमी आहे तर भरून काढायचंच, हाडांसाठी तरी, पण खरं औषध रोजची गोळी आणि सराव. सराव म्हणजे ज्याची भीती त्याला हात लावायचा आणि न धुता बसायचं. ती चार वेळा कदाचित म्हणाली. मला एकदाही ऐकू आलं नाही. गोळीचं नाव मला उच्चारता येत नाही, सराव मला करता येत नाही, पण ऊन? ऊन मला कळतं. ऊन माझ्याकडे द्या म्हटलं.

आता माझी फजिती ऐक आणि हस. गच्चीवर नेलं तर रामस्वामींची बायको विचारणार, म्हणून पंधरा दिवस मी लावण्याला (ऑफिसचं काम ती आता घरूनच करायची) आमच्या बंद गॅलरीत, काचेच्या मागे, भर उन्हात बसवलं. मीही शेजारी बसले. दोघी भाजून निघालो. मी रोज तिच्या हाताकडे बघून आज जरा डी चढलं म्हणायची. डाक्तरणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं तर ती खुर्चीत मागे रेलून हसली. काचेतून नुसती उष्णता येते, डी होतं तो भाग काच अडवते. पंधरा दिवस आम्ही पापडासारख्या भाजलो ते फुकट! मग आलो मोट्टै माडीवर (गच्ची ग), सकाळी दहा वाजता, वीस मिनिटं, बाह्या वर करून. विजयलक्ष्मी खालून ओरडायची, पोरगी काळी पडेल. मी वरून ओरडायची, पडू दे, लग्न झालंय.

वेळ मोजायला घड्याळ वर न्यायचं विसरायची, म्हणून मी स्तोत्र म्हणायला लागले. एक स्तोत्र म्हणजे दहा मिनिटं, दोन झाली की खाली. छान चाललं होतं. आठव्या दिवशी मी एक ओळ गाळली (दात थोडेच उरलेत, गळतं कधी कधी), तर लावण्याचा चेहरा पडला. आज्जी, परत पहिल्यापासून म्हणाल का? म्हणाली. मी म्हटलं. परत कुठे अडखळले, परत पहिल्यापासून. त्या दिवशी आम्ही सव्वा तास उन्हात होतो आणि माझं टाळकं तापून सटकलं. डाक्तरीण म्हणाली, पाट्टी, तुम्ही आजाराला नवीन घर बांधून दिलंत. स्तोत्र बंद. आता मी वेळ मोजायला नातेवाइकांच्या भानगडी सांगते. तुझं आणि जाऊबाईंचं आंब्याच्या झाडावरून झालेलं भांडण चार दिवस पुरलं.

आणखी एक हुकूम झाला, आणि कृष्णे, माझ्या जिभेचं आयुष्यात पहिल्यांदा कुणी कौतुक केलं. लावण्या सारखी विचारते, हे स्वच्छ आहे ना, काही होणार नाही ना? श्रीवत्स मऊ मनाचा, तो दिवसातून ऐंशी वेळा म्हणायचा, स्वच्छ आहे, काही नाही होणार. डाक्तरीण म्हणाली, तसं म्हणायचं नाही, त्यानेच आजार पोसतो. म्हणायचं, असेल घाण, कुणास ठाऊक. श्रीवत्साला ते जमेना. विजयलक्ष्मीला जमेना. मला पहिल्या झटक्यात जमलं. आज्जी, या कठड्याला कावळ्याचं काही लागलेलं नाही ना? लागलं असेल, कावळ्याने आपल्याला विचारून केलंय का? आज्जी, माझ्या हातून तुम्हांला काही होईल का? होईल, नाही होईल, तू आधी चहा ठेव. डाक्तरीण म्हणते घरात सगळ्यांत चांगली मदत माझी होते. साठ वर्षं ज्या बोलण्यावरून सगळे मला टोचून बोलले, ते आता औषध म्हणून लागतंय. विजयलक्ष्मीला हे तीनदा ऐकवलं.

पण मदत म्हणजे बाजूला बसणं. करायचं तिलाच. डाक्तरणीने यादी केली होती, खाली सोपं, वर कठीण. लिफ्टचं बटण. कडी. पैसे. कठडा. कचऱ्याच्या डब्याचं झाकण. रोज एक, आणि हात न धुता बसायचं, आतून सगळं ओरडत असलं तरी. तू म्हणशील झाकणाला हात लावण्यात काय मोठं. मीही म्हणाले असते. पण मी शेजारी बसून बघितलंय. ओठ पांढरे होतात, केसांतून घाम कपाळावर येतो, हात मांडीवर असे धरते जसे दुसऱ्याचे आहेत. आणि उठत नाही. पाऊण तास, तास, उठत नाही. मग दुसऱ्या दिवशी परत येऊन बसते. आपल्या घराण्यात निर्जळी उपास करणाऱ्या झाल्या, अनवाणी चालणाऱ्या झाल्या, पण त्या सगळ्यांना चार माणसं वा म्हणत होती. हिला वा म्हणायला गच्चीवर मी, कावळे आणि रामस्वामींच्या बायकोचे वडाम (सांडगे ग, वाळत घातलेले).

यादीत सगळ्यांत वर होते मी. म्हणजे बाहेरचं काहीतरी शिवलेल्या, न धुतलेल्या हाताने मला खाऊ घालायचं. संक्रांतीच्या दिवशी सकाळी ती आपणहून म्हणाली, आज करते. जिन्याचा कठडा धरत वर गेली, गच्चीची गंजकी कडी काढली, कुंडीतली माती चिमटीत घेऊन टाकली, आणि त्याच बोटांनी तू पाठवलेल्या तिळाच्या वडीचा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला. निम्मा तुकडा माझ्या हनुवटीवर. मी ऐटीत चावला. आणि त्याच क्षणी, शहात्तर वर्षांत कधी अडकला नव्हता तो तीळ माझ्या घशात अडकला.

मी जी खोकत सुटले! डोळे पांढरे, श्वास वर, हात हवेत. रामस्वामी टाकीचं पाणी बघायला आले होते ते पाट्टी पाट्टी करत धावले आणि वडामांवरून चालत गेले. माझ्या डोक्यात एकच विचार, आत्ता मेले तर या पोरीचा आजार साता जन्मांत जायचा नाही, काही झालं तरी मरायचं नाही. असं कर्तव्य म्हणून जिवंत राहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आणि लावण्या? मला वाटलं पळेल खाली, नळावर. ती पळाली नाही. त्याच मातीच्या हाताने तिने माझ्या पाठीत असे दणके घातले की तीळ बाहेर आणि वरचा पुढचा दातही सैल. मग मला पाणी पाजलं, त्याच हाताने. मी श्वास घेतला. तिने माझ्याकडे बघितलं. आज्जी, तुम्ही मेला नाहीत, म्हणाली, आणि हसायला लागली ती खाली बसून, पोट धरून, रामस्वामीही हसले, मी खोकत हसले. मी आणखी एक वडी मागितली. तिने दिली. हात तिने धुतले ते जेवायच्या वेळी, आपण सगळे धुतो तसे, एकदा.

बरी झाली असं लिहीत नाही. डाक्तरीण तसं म्हणत नाही आणि लावण्याही म्हणत नाही. काही दिवस वाईट जातात, परवा दुधाची पिशवी धुतली. गोळी चालू आहे, डी आता बत्तीस आहे, उन्हाने किती झालं, गोळीने किती आणि तिच्या स्वतःच्या हिमतीने किती ते देवाला माहीत. मला विचारशील तर मी हिंमत म्हणेन आणि रामस्वामींना विचारशील तर ते ऊन म्हणतील, कारण आता ते स्वतः दहा वाजता बनियनवर तिथे बसतात.

म्हणून तिथीला सोवळं नाही. धाबळी मी परत घेतली, धुवून विजयलक्ष्मीच्या कपाटात ठेवली, तिला नेसायची तर नेसू दे, तीस वर्षांची हौस आहे. स्वयंपाक ती आणि मी करू. लावण्या येते तशी स्वयंपाकघरात येईल, वाटेल त्याला हात लावेल, वाढेल. व्यंकटेश भटजींना विचारलं, ते बरं म्हणाले (विचारलं तेव्हा त्यांचा एक हात फोनवर आणि एक वड्यावर होता). यांचं म्हणशील, तर यांनी आयुष्यभर स्टेशनवर वर्तमानपत्रावरची इडली खाल्ली आणि घरी येऊन सासूबाईंना उपास सांगितला, ते समजून घेतील. तू आलीस की लावण्या पायाला हात लावून नमस्कार करेल. ती ते ठरवून बसली आहे. तू मागे सरकायचं नाहीस. तू मागे सरकलीस तर एका पावलात तिचं सहा महिन्यांचं पाणी होईल. एवढंच मागणं.

तुझी,
अक्का

ता. क. स्टोव्ह आणि भांडी आणू नकोस. वाडीचे पेढे आण. दोन किलो, रामस्वामींच्या बायकोला वडामांची भरपाई द्यायची आहे.

ता. क. दुसरा. लावण्याने हट्ट करून माझंही रक्त काढायला लावलं. तिचं नऊ होतं म्हणून मी एवढं मोठं लिहिलं, माझं सहा निघालं. जी बाई सगळ्यांना उन्हात बसा म्हणत होती ती स्वतः टाळकं तापल्या दिवसापासून छत्री घेऊन बसत होती, ते आता उघड झालं. आता ती माझ्यावर लक्ष ठेवते. छत्री जप्त झाली आहे.

ता. क. तिसरा. हे पत्र खरं याच्यासाठी आहे. गेल्या वर्षी गाडीत बसवताना मी तुझा हात धरला होता. बोटांच्या सांध्यांवर भेगा, कातडी पांढरी. सासूबाईंचे हात तसेच होते, आम्ही सगळ्या त्या हातांना पुण्यवान म्हणून नमस्कार करायचो, मलम कुणी लावलं नाही. लावण्याचे हात बघितले तेव्हा मला आधी सासूबाई आठवल्या आणि मग तू. वामनराव गेल्यापासून तू पहाटे तीनला उठून घर धुतेस हे मला तुझ्या शेजारच्या नीलमने सांगितलंय, तिच्यावर रागावू नकोस. सोवळं असेल तर तुला त्याचा आनंद व्हायला हवा. होतो का? मला लिहू नकोस, आल्यावर सांग. तिथीच्या दुसऱ्या दिवशी डाक्तरणीकडे तुझ्यासाठी अकराची वेळ घेऊन ठेवली आहे. लावण्या सोबत येईल. तिला रस्ता माहीत आहे.

ता. क. शेवटचा. पाकीट डिंकाने नाही, लावण्या जिभेने ओलं करून चिकटवणार आहे. यादीतलं आजचं काम तेच. म्हणजे उष्टं पाकीट फोडून, ते हातात धरून, तू इथपर्यंत वाचलंस. मेली नाहीस ना? मग ये.